बिजागरीच्या शिक्क्यातला गंज

सन २०२५ची गोष्ट. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा, सातवी शिकलेला सहाय्यक फौजदार. शिपाई म्हणून लागलो आणि बढती स्वतःच्या कष्टाने मिळवली, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवय नव्हती. ती केस आठवली की आजही हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

केळव्याच्या एक बाई ठाण्यात अर्ज घेऊन आल्या. नारळ-सुपारीच्या वाडीत त्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. दारांना आयएसआय शिक्क्याच्याच बिजागऱ्या लाव, असं त्यांनी मासवणच्या सुताराला बजावलं होतं. तीन महिन्यांत त्यांवर गंज चढला.

"भाऊ, चांगल्या विकून त्याने खोट्या लावल्या," बाई म्हणाल्या.

मी जीप काढली आणि सुताराला भर गावातून, मागच्या बाकावर बसवून आणलं.

"साहेब, दुकानातून आणल्या तशाच लावल्या. बिल हाय."

"बिल कुणीही छापतो."

"एकदा चोर म्हटल्यावर मला दारात कोण उभं करेल? सुतार हाय मी. दारावरच माझं पोट."

"तूच बदलल्यास," मी ठाम. दोन दिवस ठाम.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. चष्मा लावून बिजागरी उन्हात धरली. सगळी लखलखीत, गंज फक्त शिक्क्याच्या अक्षरांत! मला माझं बक्कल आठवलं. नवा शिपाई असताना पट्ट्याचं बक्कल हरवलं, म्हणून बाजारातून दुसरं घेऊन त्यावर नंबर ठोकून घेतला. महिन्याभरात नंबरात हिरवं साचलं. परेडला साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, नंबर पेरलायस का?" तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. ठप्पा आधी मारायचा, मुलामा नंतर चढवायचा. उलटं केलं की मुलामा फुटतो आणि गंजायला वाट मिळते.

दुकानात जाऊन न फोडलेलं खोकं उघडायला लावलं. भिंगाखाली तिथेही शिक्क्याच्या कडेला चिरा. म्हणजे सुतार खरं बोलत होता.

दुकानदाराने बोईसरच्या आयातदाराचं नाव सांगितलं. हद्द दुसरी, म्हणून तिथल्या ठाण्यात नोंद करून गोदामाच्या मॅनेजरला बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी कागदांची जाड फाईल.

"काका, परदेशातल्या बिजागरीलाही आता शिक्का सक्तीचा आहे," तो मला शिकवू लागला. "तिकडच्या कारखान्याला आपल्या मानक ब्युरोचा परवाना लागतो. आमच्याकडे सगळं आहे."

"शिक्का तिकडेच मारतात?"

"अर्थात."

"मुलाम्याच्या आधी की नंतर?"

तो हसला. "आधीच! साधी गोष्ट आहे, काका."

"साधी आहे तर जबाबात घेतो. करा सही."

त्याने झोकात सही केली. मग मी भिंग आणि बिजागरी त्याच्यापुढे ठेवली. चहा आला, गार झाला. त्याने भिंगातून चिरा पाहिल्या, मी नुसता बघत राहिलो. माणूस ओरडा सोसतो, समोरच्याचं गप्प बसणं सोसत नाही. अखेर त्यानेच सांगितलं. परवान्यासाठी कारखान्याची तपासणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, महिने लागतात. मालकाला तेवढा दम नव्हता. बंदरात माल बिजागरी न म्हणता दुसऱ्याच नावाने उतरवला आणि सरावलीच्या एका खोलीत शिक्के ठोकले.

त्या खोलीत कामगार हातोडी घेऊनच बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "साब, हमको तो बोला ये डिज़ाइन है!" पंचसुद्धा हसले.

ब्युरोच्या अधिकाऱ्यांना कळवलं, माल त्यांनी जप्त केला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पण सुताराला ठाण्यात बोलावून "सुटलास, जा आता" म्हटलं तेव्हा तो जागचा हलेना.

"साहेब, आणताना सगळ्या गावाने बघितलं. सुटलो ते कोण बघणार?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आरोपी धरताना आपण गाव गोळा करतो आणि सोडताना नुसता कागद हातात देतो. तो कागद मासवणला कोण वाचणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन मासवणला गेलो. गाव जमू दिलं. सुताराला पुढच्या सीटवर बसवलं, त्याची पेटी मी स्वतः उचलली. केळव्याला बाईंनी आधी त्याला चहा दिला, मग मला. दुकानदाराने बदलून दिलेल्या खऱ्या बिजागऱ्या तो लावायला लागला आणि दार मी धरून उभा राहिलो.

"साहेब," तो म्हणाला, "सरळ धरा. वाकडं धरलंय तुमी."

मी सरळ धरलं.