मेहुणीची फाइल

आमच्या शेजारचा नकाशावाला स्वभावानं गोड. पण दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपचं कौतुक झालं, की त्याच्या पोटात दुखायला लागायचं.

पाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत तो होता. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्यावर माउसला काम नव्हतं. कुठलं बटण दाबलं की कुठली खिडकी कुठे उघडायची, हे त्यानं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवलं होतं. बोट टेकवलं की नकाशा डावीकडे, मोजमापं उजवीकडे. मधल्या रेघेचा निळा रंगसुद्धा मनासारखा. कचेरीत नवीन माणूस आला, की त्याला आधी ह्याच्या टेबलाशी आणायचे.

"बघा, खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर असा लावतात!"

"त्यात काय एवढं," म्हणत हा गालात हसायचा.

त्याची धाकटी मेहुणीही त्याच कचेरीत. बाळ झाल्यापासून खालच्या मजल्यावरच्या आपल्या घरून काम करायची. एका ऑनलाइन मीटिंगमध्ये तिनं आपला स्क्रीन दाखवला आणि खिडक्या अशा सरसर सरकल्या, की साहेब म्हणाले, "सोमवारी नवीन मंडळींना हिलाच दाखवू दे."

झालं! घरी आला तो एवढंसं तोंड करून.

"तिला शिकवलं कुणी? मीच ना?"

"मग आनंद होऊ दे की जरा," बायको म्हणाली.

"झालाय," म्हणून त्यानं ताट बाजूला सारलं.

रविवारी 'सहज बघायला' म्हणून त्यानं मेहुणीची फाइल मागवली आणि आपल्या लॅपटॉपवर चढवली. उजव्या हाताखालचं एकही बटण दाद देईना. खिडकी उघडणं, सरकवणं, मिटणं, सगळं डाव्या हाताच्या बोटांखाली कोंबलेलं. त्याला कोण आनंद झाला! तसाच जिना उतरून खाली गेला.

"अगं, ही काय मांडणी म्हणायची? अर्धा कीबोर्ड ओस पडलाय!"

"हळू, दाजी," मेहुणी कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय."

तिच्या उजव्या हातावर बाळ झोपलं होतं. डाव्या हातानं उद्याच्या तयारीचे नकाशे सरकत होते.

"खाली ठेवलं की उठतो लबाड. म्हणून सगळी बटणं इकडे आणली."

निळ्या रेघेसाठी आपण घालवलेल्या संध्याकाळी त्याला आठवल्या असाव्यात.

"उद्या घरूनच काम करा ना, दाजी," ती म्हणाली. "दाखवण्यापुरतं याला घ्या. तुमच्याकडे छान राहतो. दोन्ही हात मोकळे मिळाले तर नीट दाखवता येईल."

त्यानं तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं.

"नको. एका हातानंच दाखव. कळू दे लोकांना."

वर येऊन त्यानं हे सांगितलं, तशी बायको थक्कच झाली. "अगबाई! एवढे उदार कधी झालात?"

"उदार कसला?" तो खुर्चीत धपकन बसला. "एका हातानं ही गत. दोन्ही मोकळे झाले, तर माझ्या टेबलाशी कुत्रं तरी फिरकेल का?"