एकोणीस ठिपके

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नुसतं धुकं असतं. प्लॅट नदीकडून आलेलं, नोव्हेंबरचं, दिव्यांचे खांब गिळून बसलेलं. मागे गोलाचे पिवळे खांब, तेही अर्धेच. रिकामी बाकं. डावीकडे मैदानाच्या पार कोपऱ्यात हातात वही घेऊन एक म्हातारा उभा आहे. उजवीकडे, चाळीस यार्ड लांब, एका उंच मुलाची नुसती सावली. त्याच्या पायाशी जाळीच्या पिशवीत बारा चेंडू. प्रेक्षक कोणी नाही. निदान मोजता येईल असं कोणी नाही.

म्हाताऱ्याचं नाव वेंडेल ह्रुस्का. नेब्रास्कात जन्मला, नेब्रास्कातच शाळेत भूमिती शिकवली, आणि गेली सव्वीस वर्षं एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू हातानं फेकायच्या खेळाच्या, क्लबासाठी गावोगावच्या कॉलेजांतले क्वार्टरबॅक पारखत होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून संघाचा प्रत्येक चेंडू सुटतो तो. जुनी ब्युइक गाडी, थर्मासात कॉफी, मागच्या सीटवर इस्त्रीचे दोन शर्ट, एवढा त्याचा संसार. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. स्वस्त मोटेलांच्या मालकिणी त्याला नावानं ओळखत आणि खिडकीजवळची खोली राखून ठेवत, कारण याला उजेड लागायचा.

उजेड लागायचा तो कागदांसाठी. बाकीचे पारखी किती चेंडू पकडले गेले ते मोजत. वेंडेल चुकलेले मोजायचा. प्रत्येक सामन्यासाठी पातळ, आरपार दिसणारा एक कागद. पकडलेल्या चेंडूला हिरवा ठिपका, चुकून जमिनीवर पडलेल्याला लाल. खेळाची सुरुवात तो प्रत्येक कागदावर एकाच बिंदूपासून काढायचा, म्हणून कागद एकमेकांवर बरोब्बर बसत. नवी पोरं हसत, "ह्रुस्का आजोबा, हे काम आता मशीन करतं!" तेव्हा तो शांतपणे म्हणायचा, "पकडलेला चेंडू दोघांचा असतो रे. चुकलेला एकट्याचा. मला एकट्याला बघायचं असतं."

त्याचे दोन नियम होते. सामना बघताना टाळी वाजवायची नाही, हात वर करायचा नाही. आणि डोळ्यांनी न दिसलेलं लिहायचं नाही.

या नियमांनी तो एकदाच फसला होता. फार वर्षांपूर्वी गार्थ लिंडेल नावाच्या एका मुलाबद्दल त्यानं, डोळ्यांना दिसलं तेवढंच धरून, लिहिलं, 'नेम नाही.' नंतर जुनी चित्रफीत पुन्हा बघताना कळलं, नेम होता, पकडणारेच मंद होते. तोवर गार्थ टायरच्या दुकानात लागला होता. वेंडेल तेव्हापासून टायर त्याच्याकडूनच घ्यायचा. गार्थ हसतमुखानं चाकं बदलून द्यायचा, आणि वेंडेल दर वेळी काहीतरी बोलायचं ठरवून न बोलता निघून यायचा.

क्लब त्याला दर वर्षी छोट्या कॉलेजांतलं एक नाव द्यायला सांगे. त्या एका मुलाला बाकी काही न विचारता चाचणीला बोलावत. हे वेंडेलचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे हे शेवटचं नाव. सोमवारी सकाळी नऊपर्यंत कळवायचं होतं, आणि यादीत एकच मुलगा उरला होता. टेल्मा गावच्या कॉलेजचा कोल्टर राईन्श. वेंडेलनं नाव दिलं तर कोल्टर पुढे खेळणार. नाही तर नोव्हेंबरअखेर त्याचा खेळ संपला, आणि तो बापाच्या शेतावर परत.

शनिवारी वेंडेलनं त्याचा वर्षातला नववा सामना पाहिला. अडतीस टाकले, वीस पकडले गेले. वर्षभराचा हिशोब त्रेपन्न टक्के. एवढ्यावर कोणी दाराशीही उभं करत नाही.

पण रविवारी सकाळी मोटेलच्या खोलीत त्यानं वर्षभराचे नऊ कागद एकावर एक ठेवले, खिडकीच्या काचेवर धरले, आणि त्याची कॉफी तशीच निवली.

बाकी सगळीकडे ठिपके पसरलेले होते, जसे कुणाचेही असतात. फक्त एका धावेवर नव्हते. पकडणारा बारा पावलं सरळ पळतो आणि मग कोपऱ्याकडे वळतो, ती धाव. तिथले एकोणीस लाल ठिपके एका बशीएवढ्या जागेत, एकमेकांवर चढून बसले होते. चुकणाऱ्याचे चेंडू विखुरतात. पाऊस तरी असा एका जागी पडतो का? आणि एकही पकडणाऱ्याच्या अलीकडे नाही. सगळे त्याच्या पुढे, ढांगभर लांब.

वेंडेलनं कागद उलटे करून पाहिले. खिडकी बदलून पाहिली. ठिपके हलले नाहीत.

दुपारी तो गावातल्या खानावळीत कोल्टरच्या कोचला, ड्युएन स्प्रेगला, भेटला. तीस वर्षांची ओळख. ड्युएन चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाच्या, वाडग्यात दालचिनीचा रोल बुडवत होता.

"काय रे वेंडेल, ती ब्युइक अजून चालते, की ढकलत आलास?"

"चालते. तुझ्या पोरांपेक्षा सरळ चालते."

"ए, माझ्या पोरांना बोलायचं नाही हां. फक्त मी बोलायचं."

"ड्युएन, ती कोपऱ्याची धाव. मागच्या वर्षी कोण पळायचं?"

रोल वाडग्याच्या वरच थांबला. रश्शाचा थेंब टेबलावर पडला.

"जॉरी," ड्युएन म्हणाला. "जॉरी व्हाव्रेक."

"केवढा होता?"

"सहा फूट सहा इंच. हात म्हणजे नुसत्या शिड्या. बाकीच्यांपेक्षा एक ढांग पुढे असायचा नेहमी. कोल्टर आणि तो तिसरीपासून एकत्र. पकडल्यावर नाचणं नाही, चेंडू आपटणं नाही. खाली ठेवायचा, शिवण वर करून, टोक कोल्टरकडे. म्हणायचा, ज्यानं पाठवला त्याच्याकडे तोंड हवं."

"आणि?"

"जुलैमध्ये काकाच्या मक्याच्या कोठीत उतरला. ती पत्र्याची, तीन मजली. वर पापडी धरली होती, ती फोडायला. खालून दाणा सुटला." ड्युएननं रोल बशीत ठेवला. "कोल्टर वर शिडीवर होता. त्यानं दोर टाकला. हातभर कमी पडला."

वेंडेल शेतावर वाढलेला. छातीपर्यंत मक्यात रुतलेला माणूस दोरानं ओढून निघत नाही, हे त्याला ठाऊक होतं. "पोराला सांगितलंत ना? दोर पोचला असता तरी..."

"सगळ्यांनी सांगितलं. पाद्र्यानं सांगितलं, आईनं सांगितलं. पत्रा कापून काढला तेव्हा तो उभाच होता, वेंडेल. उजवा हात असा वर." ड्युएननं हात वर केला आणि लगेच खाली घेतला, शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले म्हणून. "पण याचा चेंडू टाकण्याशी काय संबंध? कोल्टरचं कोपर टाकताना बाहेर जातं. चार महिने मी त्याचं कोपर दुरुस्त करतोय."

वेंडेलनं कागद उलगडले नाहीत. नाटकात एखादा नट अचानक जातो, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. पण समोरचा जुना सोबती अजून गेलेल्याच्याच वाक्यासाठी थांबतो, अगदी तेवढाच वेळ, तेवढाच श्वास. प्रेक्षकांना वाटतं, हा वाक्य विसरला. विसरलेला नसतो. तोच एकटा विसरलेला नसतो.

"उद्या साडेआठला मैदान दे मला," वेंडेल म्हणाला. "आणि पोरगा एकटा हवा."

तर सोमवार, सकाळचे साडेआठ, आणि धुकं. मुलगा आला. तांबूस केस, मान जरा झुकलेली, हात मात्र सुताराच्या हातांसारखे स्थिर.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ह्रुस्का. पकडायला कोण आहे, सर?"

"कोणी नाही. कोपऱ्याची धाव. पकडणारा पळतोय असं समजून टाक. बारा टाक."

मुलानं पिशवीतून पहिला चेंडू काढला. मग म्हणाला, "कोचनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं."

"लोक म्हणतात मी लांब टाकतो."

"टाकतोस."

"एकदाच कमी पडला होता, सर. त्यानंतर मी एकही कमी पडू दिलेला नाही."

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. वेंडेल धुक्यातून कोपऱ्याकडे चालत गेला. कागदावरच्या बशीची जागा त्यानं पावलं मोजून शोधली आणि तिच्यापासून दोन हात बाजूला उभा राहिला. आता मुलगा दिसत नव्हता. मुलाला तो दिसत नव्हता.

पहिला चेंडू आला. आधी हवेत भुंग्यासारखा आवाज, मग डोक्याजवळून काहीतरी करडं सर्रकन उतरलं, बाजूच्या त्या जागेत ओल्या गवतावर धप्प. वेंडेलनं वहीतल्या नव्या कागदावर लाल ठिपका काढला. दुसरा. धप्प. तिसरा. सगळे एकाच वाटेनं, जणू हवेत नळी बसवली आहे.

पाचव्यानंतर त्याला वाटलं, चेंडूच्या आधी आणखी एक आवाज येतोय. ओल्या गवतावर पावलांचा. सरळ, सरळ, मग वळण. त्यानं मनाला बजावलं, वेंडेल, वय झालं, तुझंच काळीज आहे ते. पण काळजाला वळण घेता येत नाही. आणि पावलं मोजायची सवय सव्वीस वर्षांची. बारा भरत होती. लांब ढांगांची बारा.

आठवा, धप्प. नववा, धप्प. दहावा. अकरावा येताना त्याच्या गालावरून वारा गेला, माणूस जवळून पळत गेला की जातो तसा. धप्प.

बारावा सुटला. भुंगा ऐकू आला, जवळ आला, डोक्यावर आला, आणि थांबला.

धप्प झालं नाही.

वेंडेल थांबला. मनात दहापर्यंत मोजलं. धुक्यात पाण्याचा थेंब टपकल्याचासुद्धा आवाज नव्हता. मग त्यानं खाली पाहिलं.

त्या बशीएवढ्या जागेत चेंडू ठेवलेला होता. पडलेला नव्हे, ठेवलेला. पांढरी शिवण वर. टोक मुलाकडे. टप्पा खाऊन मागे गेलेले अकरा चेंडू दवानं चकाकत इतस्ततः लोळत होते. वेंडेल वाकला, कुरकुरत्या गुडघ्यांसकट, आणि बोट लावून पाहिलं. हा कोरडा होता. उन्हात ठेवलेल्या कातड्यासारखा कोरडा, आणि थोडा ऊबदार.

धुक्यापलीकडून मुलाचा आवाज आला. दमलेला नव्हता. घाबरलेला होता.

"सर! पकडला का?"

वेंडेलच्या हातात दोन पेन्सिली होत्या. न दिसलेलं लिहायचं नाही. त्यानं कोणाला पाहिलं नव्हतं. पण चेंडू पाहिला होता, आणि चेंडू तर डोळ्यांसमोर होता. एकदा नियमापायी एका मुलाला त्यानं टायरच्या दुकानात पोचवलं होतं. त्या मुलाचा आवाजही असाच असेल का, ज्या दिवशी त्याला कळलं? वेंडेलनं कधी विचारलं नव्हतं.

"सर? ऐकू येतंय का?"

वेंडेलनं वही गवतावर ठेवली. आणि सव्वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. दोन्ही हात सरळ डोक्यावर उचलले. पंच उचलतात तसे, गुण मिळाला की.

तेवढ्यात नदीवरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि मधलं धुकं फाटलं. चाळीस यार्डांवरून मुलाला दिसलं ते एवढंच: कोपऱ्यात, त्या जागेपाशी, धुक्यात बुडालेला एक माणूस. हात वर.

मुलगा मटकन गवतावर बसला. वेंडेलनं हात खाली घेतले नाहीत. खांदे भरून आले, दुखायला लागले, तरी नाही. मुलगा रडत होता, की हसत होता, लांबून सांगणं कठीण. बऱ्याच वेळानं त्यानं आपला उजवा हात वर केला, निरोप घेताना करतात तसा, पण बघत होता तो वेंडेलकडे नव्हे. वेंडेलच्या जरा बाजूला बघत राहिला. दोन हात बाजूला.

मग धुकं पुन्हा मिटलं.

वेंडेल वही उचलत होता तेव्हा खिशातला फोन वाजला. क्लबाची लोर्ना कीच. त्याच्या मुलीच्या वयाची, त्याची वरिष्ठ.

"वेंडेल, नऊ वाजत आले. मी सगळ्यांना थोपवून धरलंय. नाव आहे की नाही?"

"आहे. कोल्टर राईन्श."

"राईन्श? त्रेपन्न टक्के आहे तो! वेंडेल, तुम्ही बरे आहात ना? गारठ्यात उभे आहात का?"

"गारठ्यात आहे. बरा आहे. त्या एका धावेवर एकोणीस चुकले, लोर्ना. एकोणीसच्या एकोणीस एका बशीत. नेम नसलेला माणूस जन्मभर टाकत राहिला तरी असं टाकू शकणार नाही."

"अहो, पण त्या बशीत कोणी नव्हतंच ना! मी पाहिलीय चित्रफीत. मोकळी जागा होती तिथे. मग तो टाकत कोणाला होता?"

वेंडेलनं हिरवी पेन्सिल काढली. आजचा कागद जुन्या नऊ कागदांवर ठेवला आणि एकोणीस लाल ठिपक्यांच्या बरोब्बर मध्ये एक हिरवा ठिपका काढला. तो कोरडा चेंडू तसाच राहू दिला, उचलला नाही. धुक्यातून मुलगा त्याच्याकडे चालत येत होता, आणि त्याची मान आता सरळ होती.

"ज्याला टाकत होता, त्यानं आज पकडला. आता तू नाव लिही."