नळी फिरवणारा हात

माझं रक्त काढून झाल्यावर प्रयोगशाळेतल्या मुलीने नळी झटकली नाही. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी ती सावकाश उलटी-सुलटी केली. जोरात हलवलं तर रक्तातल्या पेशी फुटतात. जीवरसायनशास्त्र शिकवताना हे मी दरवर्षी सांगायचो, पण इतक्या मायेने नळी फिरवणारी माझी एकच विद्यार्थिनी होती, सुनंदा. तिला संशोधन करायचं होतं.

महिनाभर खपून तिने एक एन्झाइम वेगळं केलं होतं. एका सकाळी त्याची नळी बर्फाबाहेर सापडली. उबेने सगळं वाया गेलं. मी वर्गादेखत म्हणालो, "असल्या हातांनी संशोधन होत नसतं, बाई." वर्ष संपताच तिने एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी धरली.

ती नळी बर्फातून मी काढली होती, पाहुण्यांना दाखवायला. परत ठेवायची राहिली. त्याच दुपारी मला ते आठवलं आणि तरी मी गप्प बसलो. तिने तिथे हजारोंच्या नळ्या जपल्या असतील. माझी चूक त्याने भरून निघत नाही.

"हात चांगला आहे तुझा," मी रक्त काढणाऱ्या त्या मुलीला म्हणालो.

ती हसली. "सगळे सुईकडे बघतात, काका. हाताकडे बघणारे तुम्हीच पहिले."

'हात चांगला आहे तुझा' हे वाक्य खरं तर तेव्हाच सुनंदाला म्हणायला हवं होतं. घरी येऊन, नळीच्या हकिकतीसह, मी ते तिला लिहून पाठवलं.