एका दमात दोन शेळ्या

साडूच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. सकाळचे नऊ वाजले असतील. ओसरीवर बसून मी तुरीचं बियाणं निवडत होतो, फोन शेजारी चटईवर थरथरत होता आणि त्याच्यावर 'इस्लापूरकर' हे नाव येत होतं. आमचं बोलणं बंद होऊन पाच महिने झाले होते. मनात म्हटलं, वाजू दे. तीनदा वाजला. चौथ्यांदा आमची इंदू हात पुसत बाहेर आली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिनं तो उचलला. पलीकडं साडू नव्हता, त्याची नात होती, रेवती. इंदू ऐकत गेली, ऐकत गेली आणि हळूच खाली बसली, ती बियाण्याच्या सुपावरच... मी म्हणालो, "अगं, बियाणं." मग तिचं तोंड बघितलं आणि हातातलं बियाणं खाली ठेवलं.

गंगाधर इस्लापूरकर जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्या नातीनं केलेल्या खेळाबद्दल पेपरात छापून आलं होतं, त्यामुळं पुरवणीवाल्यांनी मला म्हटलं, तुम्ही जवळचे आहात, लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत एका गणितावरून मास्तरांशी वाद झाला, मी दप्तर उचलून घरी आलो तो परत गेलो नाही. ते गणित माझंच बरोबर होतं. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यात इस्लापूरकराची बाजू जास्त येईल.

आम्ही दोघं मुरुडचे जावई. थोरली कमल त्याला दिली, धाकटी इंदू मला. मी रेणापूरचा, काळ्या रानाचा, तुरीचा. तो पार तिकडं किनवटच्या जंगलाकडचा. लातूर, नांदेड, भोकर अशा गाड्या बदलत त्याच्या गावाला पोचेपर्यंत माणूस विसरतो, आपण कशासाठी निघालो होतो. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी दोघा जावयांना एकदमच जेवायला बोलावलं. धोंडे खाऊन आम्ही असे झालो की उठून चालवेना. कसेबसे शेजारच्या मारुतीच्या ओट्यापर्यंत गेलो. तिथं दगडावर वाघ-शेळीचा पट कोरलेला होता. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघाचे खडे, शेळ्यांचे चिंचोके. शेजारच्या शेळीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारली की वाघानं शेळी खाल्ली. शेळ्यांनी चारी बाजूंनी दाटून वाघांना हलू दिलं नाही की वाघ हरले. एवढा साधा खेळ. मी वाघ घेतले, त्यानं शेळ्या घेतल्या. तिसऱ्या चालीला मी एका शेळीवरून उडी मारली, तिथून लगेच दुसरीवरून मारली आणि दोन चिंचोके उचलले. त्यानं माझं मनगट धरलं.

"एका चालीत एकच," तो म्हणाला. "वाघाचं पोट भरलं की तो बसतो."

"आमच्या रेणापुरात एका दमात दोन खातात."

"रेणापुरात वाघ हायेत का? तुमच्याकडं नुसती तूर. आमच्या इस्लापूरच्या रानात खरे वाघ हायेत."

"तू बघितलाय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "पण वाघानं मला बघितलंय."

मी खडे गोळा केले आणि पट परत मांडला.

पट मुरुडचा, तेव्हा रीत कोणती हे सासऱ्यांना विचारायचं ठरलं. मी संध्याकाळी एकटाच त्यांच्याकडं गेलो. अप्पा सुपारी कातरत होते. मी विचारलं. ते म्हणाले, "तुमचंच बरोबर हाय, पावणं." झालं. माझ्यापुरता निकाल लागला. पण इस्लापूरकर ऐकेना. दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला की आम्ही मुरुडला जायचो, पोट फुटेपर्यंत खायचो आणि त्याच दगडावर तोच वाद घालायचो. मला नवल वाटायचं, की सासऱ्यांनी निकाल दिल्यावरसुद्धा हा माणूस एवढा हट्टी कसा. मी त्याला तोंडावर कधी म्हटलं नाही की अप्पा माझ्या बाजूनं आहेत. थोरला साडू, त्याचा मान राखला.

त्याची एक खोड होती. तो शेळ्यांना नावं द्यायचा. पटावर चिंचोका ठेवला की म्हणायचा, ही धुरपदा, हिची लेक बाळंतपणाला आलीय. हा दगडू, ह्याला ऐकू येत नाही म्हणून वाघाजवळ जाऊन उभा राहतो. मी शेळी मारली की तो चिंचोका तळहातावर घ्यायचा आणि त्याच्यावर भाषण करायचा, जसं दहाव्याला घाटावर करतात तसं. "दगडू गेला. जन्मभर लोकांच्या लग्नात जाऊन भाजीत मीठ कमी हाय म्हणून सांगितलं. आता मीठ कोण बघणार?" ओट्यावर माणसं जमायची ती माझा खेळ बघायला नाही, शेळी कधी मरते त्याची वाट बघत. मी जिंकायचो आणि टाळ्या त्याला पडायच्या. एका दमात दोन मारल्या की तो फार चिडायचा. "अरे एकीवर बोलू तर दे मला. दोघींवर एकदम काय बोलू?" मी म्हणायचो, बोलायला खेळतोस का जिंकायला? तेव्हा मला वाटायचं की ह्या प्रश्नानं त्याचं तोंड बंद होतं.

रेवती त्याच्या लेकाची लेक, लातूरला वाढलेली, पुण्याला एका लहानशा कंपनीत कामाला. कसलं काम, तर कॉम्प्युटरवरचे गोष्टीचे खेळ करायचं. मी म्हटलं, खेळायला पगार? तिनं शांतपणे समजावलं. "आबा, माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकतात आणि फाशावर गोष्ट पुढं सरकते. असे खेळ आधी टेबलावर आले, मग त्यावरून कॉम्प्युटरवरचे निघाले."

इस्लापूरकर म्हणाला, "म्हंजे मी इतकी वर्षं जे करून राहिलो ते."

"तेच, आजोबा. म्हणून तर आले."

तिनं मुरुडच्या दगडाचे फोटो काढले, आजोबाला बसवून एकेका शेळीची जन्मकथा उतरून घेतली. वर्षभरानं लातूरला, तिच्या बापाच्या घरी, आम्हाला दोघांना तिनं तो अर्धा झालेला खेळ दाखवला. पडद्यावर तोच ओटा, तोच पट. शेळ्या बोलत होत्या. वाघ तीन, आणि त्यातला म्हातारा वाघ मी होतो. सांगायची गरज नव्हती. माझ्यासारखा तिरपा पटका, माझ्यासारखं हनुवटी वर करून बघणं. मी म्हणालो, वाघ केलंस ते ठीक, पण पुढचा दात पडलेला कशाला? रेवती म्हणाली, "आजोबांनी सांगितलं." आजोबा खिडकीबाहेर बघत होता.

मग मी खेळायला बसलो. मी अक्षर लावून लावून वाचतो, पण वाचतो. धुरपदा शेळी वाघासमोर आली आणि पडद्यावर ओळ उमटली. 'वाघोबा, जरा थांबा. लेक बाळंतपणाला आलीय. तिला तेल लावून येते, मग खा.' खाली दोन उत्तरं, एक 'खा', एक 'सोडून द्या'. आता विचार करा. घरात बाळंतपणाला आलेली लेक असलेल्या बाईला खाणं हे काही माणुसकीचं नाही. आणि समोर आलेली शेळी सोडणं हे काही वाघाचं नाही. मी बसून राहिलो. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला.

"आबा, काहीतरी दाबा."

"मला दोन्ही मान्य न्हाईत. तिसरं कुठाय?"

"तिसरं नाहीये."

"मग हा खेळ लिहिणारा माझ्यापेक्षा कमी शिकलेला दिसतोय."

इस्लापूरकर पोट धरून हसला. हसून झाल्यावर नातीला म्हणाला, "ह्याला तिसरं लागतंय बघ. अडला की हा गप्प बसतो. ते घाल. रोज तेच दाबील." तिनं खरंच घातलं, 'काही बोलू नका'. आणि तिथं मुक्कामाला होतो तेवढे दिवस मी रोज तेच दाबत गेलो, हे कबूल करतो. ते दाबलं की वाघ मान वळवतो आणि शेळी बिचारी तिथंच उभी राहते.

भांडण झालं ते त्याच मुक्कामात, रीतीवरून. रेवती वही घेऊन बसली. "वाघानं एका चालीत किती खायच्या? काय ते एकदा नक्की सांगा." तो म्हणाला एक, मी म्हणालो दोन. शब्दाला शब्द वाढला तेव्हा मी पंचेचाळीस वर्षं झाकून ठेवलेलं पान टाकलं. म्हणालो, "अप्पांनी स्वतः मला सांगितलंय, तुमचंच बरोबर हाय, पावणं." इस्लापूरकराचं तोंड उघडंच राहिलं. तो म्हणाला, "मलाबी हेच म्हणाले होते. त्याच संध्याकाळी. सुपारी कातरत."

आतून दोघी बहिणी हसायला लागल्या. कमलबाई बाहेर आल्या त्या पदरानं डोळे पुसत. "जावयाला खोटं पाडायचं असतं का, भाऊजी? त्यात धोंड्याचा महिना. तुम्ही अप्पांना सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणून सांगितलं असतं तरी ते तुमचंच बरोबर म्हणाले असते."

मी पटका उचलला आणि निघालो. मला त्याचा राग नव्हता. पंचेचाळीस वर्षं मी ज्याच्या जोरावर त्याला मनातल्या मनात माफ करत आलो ते असं निघालं, त्याची लाज होती. पण लाज वाटते असं कोण सांगतं? मी रागावलो असंच सांगितलं. नंतर त्याचे फोन आले, चार-पाच वेळा. मी 'काही बोलू नका' दाबत राहिलो.

तेराव्याला आम्ही इस्लापूरला गेलो. जेवणं उरकल्यावर कमलबाईंनी एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. त्यात चिंचोके आणि तीन खडे. "तुम्हाला द्या म्हणून सांगून ठेवलं होतं," एवढंच बोलल्या. रेवतीनं टॅबलेट आणून दिला. खेळ पुरा झाला होता. सुरुवातीलाच पडद्यावर आलं, 'रीत: रेणापूरची. वाघ एका दमात दोन खातो.'

मी तिला ते दोनदा वाचायला लावलं.

"आजोबांनी शेवटी तुमचीच घालायला सांगितली," ती म्हणाली.

खोटं सांगत नाही, अशा दिवशीसुद्धा मला बरं वाटलं. येताना नांदेडच्या गाडीत मी ते कंडक्टरला दाखवलं. इंदूनं तोंडावर पदर घेतला आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

घरी आल्यावर रोज दुपारी खेळायला लागलो. पहिल्या दिवशी जिंकलो. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही जिंकलो. आठ-दहा चालींत पट साफ. दगडू जवळ येऊन उभा राहिला की गेला, त्याच्यामागं धुरपदा गेली. कुणी काही बोलायच्या आत दोन-दोन उचललेल्या. मोकळा पट आणि तीन वाघ एकमेकांकडं बघत बसलेले. मी हळू खेळून बघितलं, मुद्दाम चुकीच्या चाली खेळून बघितल्या. पण शेळ्या चालवणारा कॉम्प्युटर, आणि रीत माझी, एकीवर उडी मारली की वाघ आपोआपच दुसरीवर जायचा. धुरपदा काही वाचेना. पंधरवडाभर हे चाललं. शेवटी मीच रेवतीला फोन लावला.

"धुरपदाच्या लेकीचं काय झालं?"

"ते कळायला ती पुढच्या भागापर्यंत जगली पाहिजे, आबा."

"मग जगव."

"तुमच्या रीतीत ती जगत नाही. एकीला खाऊन वाघ बसला तरच दुसरीला बोलायला वेळ मिळतो."

आत इंदू भाकरी थापत होती.

"मग ती रीत काढ," मी म्हणालो.

"आणि कोणती घालू?"

"दुसरी."

"दुसरी म्हणजे?"

आजोबाचीच नात ती. मी म्हणालो, "इस्लापूरची." आतला भाकरीचा आवाज थांबला. परत सुरू व्हायला बराच वेळ लागला.

रेवती पलीकडं हसत होती की रडत होती, कळलं नाही. म्हणाली, "आजोबांनी सांगितलं होतं, रेणापूरची घालून त्याच्या हातात दे आणि त्याचा फोन येईपर्यंत बदलू नको. पंधरा दिवसांच्या आत येईल म्हणाले होते."

"किती झाले?"

तिनं मोजले. "सोळा."

"मग एका दिवसानं चुकला की," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तो मला शेळ्यांनी कोंडत कोंडत आला होता आणि मी समजत होतो, मी जिंकतोय.

आता रीत बदलली आहे. धुरपदाच्या लेकीला मुलगी झाली, बाळंतीण बरी आहे. त्याच्या नंबरावरून फोन वाजला तर मी पहिल्याच वाजण्याला उचलतो. कमलबाई असतात, इंदूला द्या म्हणतात.

टॅबलेट रेवतीला परत दिला. डबा मात्र ओसरीवर असतो. दुपारी इंदू खडूनं फरशीवर पट काढते आणि शेळ्या घेते. काल मी तिची एक शेळी मारली. चिंचोका डब्यात टाकायला गेलो आणि हात थांबला. तळहातावर घेतला. म्हणालो, "हा इस्लापूरकर. ह्यानं वाघ कधी बघितला न्हाई. वाघानं ह्याला बघितलंय, असं सांगायचा..."

पुढं सुचेना. त्याच रेघेवर पुढची शेळी उभी होती, तिच्यामागचं घर मोकळं होतं. इंदूनं ते बघितलं, मीही बघितलं.

"म्होरं?" इंदू म्हणाली. "खाता का?"

"थांब जरा," मी म्हणालो. "अजून ह्याच्यावरच बोलून राहिलो."