तात्या म्हणायचे, "कापा!"

कुणी पुस्तक काढायचं म्हणालं की मला आधी हसू येतं. लढाईच्या काळात मी साताऱ्यात तात्यांच्या छापखान्यात प्रुफं तपासायचो. तात्या पुस्तकंही काढायचे. कागद मिळायची मारामार, म्हणून येईल त्या लेखकाला त्यांचा एकच सल्ला, "कापा!" त्या एका शब्दापायी जेवढे किस्से जमले, तेवढी पुस्तकं काही आम्ही छापली नाहीत!

* * *

सांगलीच्या एका हेडमास्तरांनी कादंबरी आणली. तात्या म्हणाले, "गुरुजी, झकास आहे. निम्मी करून आणा."

महिन्याभरानं गुरुजी आले, तर बाड आणखी जाड!

"अहो, कापायला सांगितलं होतं ना?"

"कापलं की! काय कापलं आणि का कापलं, ते प्रस्तावनेत सविस्तर दिलंय!"

* * *

याच गुरुजींनी शेवटच्या प्रुफात नायिकेचं नाव मालतीचं सुमित्रा केलं. छपाईचे खिळे जुळवणारे रामभाऊ कावले. "गुरुजी, आता कसलं बारसं? पोरगी लग्नाला आलीया!"

तरी नाव बदललं. नेमकं एका पानावर जुनंच राहून गेलं. पुस्तक निघाल्यावर एक वाचक विचारत आले, "बाकी छान आहे हो, पण नायकाच्या स्वयंपाकघरात ती मालती कोण?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत कळेल!"

* * *

कोरेगावच्या एका कवींना तात्यांनी सांगितलं, "घरी मोठ्यानं वाचून बघा. ऐकणारा जिथं उठेल, तिथं खूण करा."

आठवड्यानं कवी आले. एकही खूण नाही! तात्या खूश. "म्हणजे कुणीच उठलं नाही?"

"बसलंच नाही कुणी!"

* * *

लढाई संपली आणि शिराळ्याकडचे एक सुभेदार घरी परतले. गावचा जोडीदार म्हादू त्यांच्याच पलटणीत होता, तो परमुलखात पडला. त्याची हकिगत सुभेदारांनी लिहायला घेतली होती.

तात्या म्हणाले, "म्हादूचा शेवट लवकर आणा, सुभेदार. वाचक थांबत नाही." सुभेदारांनी मान हलवली.

पुढच्या खेपेला पानं वाढलेली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी! तात्या वैतागले. "म्हादू कुस्ती खेळतोय, म्हादू साहेबाला मराठी शिव्या शिकवतोय, म्हादू बोटीवर ओकतोय! अहो, लढाईची आघाडी कधी यायची?"

सुभेदार म्हणाले, "म्हादूची आई रोज सांजच्याला ऐकाय येती, तात्या. लिवलेलं वाचून दावतो. काल म्हनली, 'आज लय हसवलं रं माज्या लेकानं. उद्या फुडचं वाच.'"

रामभाऊंचा हात खिळ्यांच्या पेटीतच थांबला.

तात्यांनी ते बाड सुभेदारांच्या हातात परत दिलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बरं, बोटीवर अजून काय काय केलं त्यानं?"