चेन आणि चुना
मर्दानं दुखणं मुकाट गिळावं, ही आमच्या घराण्याची थोर परंपरा आहे; ओल्या चुन्याचा वास आला की मला ती आठवते. शिरड शहापूरला मामांचा सत्कार होता. मंडपामागे लघवी उरकून त्यांनी घाईत नव्या पँटची चेन ओढली आणि नाजूक जागची कातडी तिच्यात सापडली. चेन कशीबशी सुटली, पण रक्त थांबेना. "मामा, दवाखान्यात चला," मी म्हणालो. "काहून? तिथं डॉक्टरीण बाई हाय. त्यापरीस मेलेलं बरं!" त्यांच्या मित्रानं तंबाखूची डबी काढली. "बोट कापलं की चुनाच लावतो ना आपन? लाव गुमान." मामांनी लावला आणि मंडपाचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. भाषणं संपेपर्यंत ते खुर्चीवर बसलेच नाहीत. प्रत्येक वक्त्यानं त्यांच्या विनम्रतेचं कौतुक केलं. आठवड्यानं नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "पाण्यानं धुऊन स्वच्छ कापड दाबून धरायचं होतं. चुन्यानं कातडी जळून पिकलीय." जखम भरली, पण व्रण आखडला आणि तकलीफ कायमची राहिली. गावात मामांनी हार्निया सांगितला. परवाच एकानं विचारलं, मामांचा हार्निया कसा आहे. मी म्हणालो, आहे तसाच आहे.