फाइलीच्या माथ्यावरचं नाव

२००२ साली अमेरिकेत हर्नडनमध्ये मी एका लायब्ररीवर काम करत होते. पुस्तकांच्या नव्हे, प्रोग्रॅमिंगच्या; म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल अशा तयार कोडच्या. मशीन विंडोजचं असो की लिनक्सचं, त्यात मेमरी किती, प्रोसेसर किती, डिस्क किती भरली, हे आमच्या लायब्ररीनं एकाच पद्धतीनं सांगायचं. मंदीचे दिवस होते; दर शुक्रवारी नोकरी गेलेलं कोणीतरी आपलं सामान खोक्यात भरून बाहेर पडायचं. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आणि नवऱ्याचा माझ्या व्हिसाला. नुसता टेबलावरचा फोन वाजला तरी मला वाटायचं, आता माझीच पाळी.

डिस्कचा भाग माझ्या नागपूरच्या मैत्रिणीनं लिहिला होता. तिची नोकरी गेली आणि तो माझ्याकडे आला. नेटवर्कवरच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या डिस्क तिनं वगळल्या होत्या. मला वाटलं, विसरली असेल. मी त्याही यादीत घातल्या आणि स्वतःचीच पाठ थोपटली. कोडची फाइल बदलली की तिच्या माथ्यावर आपलं नाव जोडायचं, अशी आमची पद्धत. घाईत ते राहिलं.

पंधरा दिवसांत एका ग्राहकाचे सगळे सर्व्हर हँग झाले. नेटवर्कवरची एक डिस्क बंद पडली होती आणि आमची लायब्ररी तिच्या उत्तराची वाट बघत बसली होती. मैत्रिणीनं त्या डिस्क का वगळल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. मीटिंगमध्ये मॅनेजरनं फाइल उघडली, वरचं तिचं नाव वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं गेली." चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघताहेत. कोणी बघत नव्हतं.  मग त्या डिस्क वगळणारी तिचीच ओळ परत टाकली आणि वर शाबासकीही घेतली.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, फ्रीमाँटच्या कंपनीचा इंटरव्ह्यू मस्त झाला यार! फक्त रेफरन्स चेक उरलाय, जुन्या ऑफिसात चौकशी करतात तो. आपल्या मॅनेजरचा नंबर दिलाय. चांगलं बोलेल ना गं तो?"

 खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार, नाही सांगितलं तर तिला मिळायची नाही.

"बोलेल की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोनदा मॅनेजरच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो फोनवर होता. तिचं नाव ऐकू आलं, मग सर्व्हरची हकीकत. त्यानं भुवईनंच विचारलं, काय हवंय? मी काही नाही अशी मान हलवली आणि जागेवर येऊन बसले.

महिन्याभरात ती नागपूरला परतली. जाताना कुकर आणि मिक्सर मलाच देऊन गेली. म्हणाली, "तू तरी टिकलीस गं."